'ओरडतेस' की 'हाक मारतेस': मुंबईतल्या एका इमो अल्बमचं प्रकरण

चौथ्या गाण्याचं पहिलं मिक्स, म्हणजे वेगवेगळे मुद्रित केलेले आवाज जुळवून केलेलं रूप, ऐकवलं तेव्हा गिटारी अंगावर येत होत्या, ड्रम छातीत वाजत होता आणि गायक काय म्हणतोय ते मला, म्हणजे ज्या बाईने ते सहा महिने रोज ऐकलं होतं तिला, नीट कळत नव्हतं. बँडमधले चौघंही खूश होते. "ताई, असंच ठेव, हात लावू नकोस," गायक म्हणाला. त्या 'हात लावू नकोस'मध्ये मला घाई ऐकू आली. अख्ख्या अल्बमचं प्रकरण त्या घाईपाशी येऊन थांबतं, म्हणून लिहायला तिथूनच घेतलं.

बँड चार मुलांचा. गायक लालबागच्या चाळीतला, गिटारवाला गिरगावचा, बेसवाला भांडुपचा, ड्रमर डोंबिवलीचा. अल्बममध्ये ९ गाणी, एकूण ३६ मिनिटं, सगळी मराठीत. ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग माझं, गोरेगावच्या माझ्या छोट्या स्टुडिओत. पहिला ड्रम जून २०२३ मध्ये वाजला आणि अल्बम ४ ऑक्टोबर २०२४ ला बाहेर आला. मुलांनी नावं छापू नकोस म्हणून सांगितलंय. फक्त चौथ्या गाण्याचं नाव सांगायची मुभा आहे: 'पायऱ्या'. ते नाव पुढे लागणारच आहे.

इमो म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांवर येणारे केस आणि काळे टीशर्ट आठवतात. तो २००० नंतरचा पेहराव झाला. मूळ गोष्ट जुनी आहे. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये हार्डकोअर पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक वाजवणाऱ्या काही मुलांना १९८५ च्या सुमारास वाटायला लागलं की नुसतं सरकारवर आणि समाजावर ओरडून भागत नाही, स्वतःच्या आत जे चाललंय तेही त्याच आवाजात म्हणायला हवं. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला महत्त्वाचा बँड. 'इमोशनल हार्डकोअर'चं पुढे 'इमो' झालं, आणि ज्यांना ते नाव चिकटलं त्यांनाच ते आवडलं नव्हतं. नव्वदच्या दशकात हे संगीत अमेरिकेच्या मिडवेस्टात, म्हणजे मध्य-पश्चिम भागात, कॉलेजच्या गावांत गेलं आणि तिथे गिटारी स्वच्छ, नाजूक, घुंगरासारख्या झाल्या. आमच्या मुलांचा देव तिथला: इलिनॉयमधल्या अर्बाना गावचा अमेरिकन फुटबॉल हा तिघांचा बँड. त्यांचा पहिला अल्बम १९९९ चा. तो आला आणि बँड विखुरला. मग इतकी वर्षं लोक तो एकमेकांना ऐकवत राहिले की २०१४ मध्ये तो नव्याने काढावा लागला आणि बँड पुन्हा उभा राहिला. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर एक साधं, पांढरं, रात्रीचं घर आहे. २०२३ मध्ये ते पाडलं जाऊ नये म्हणून बँडने आणि त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने आणखी काही जणांसोबत मिळून ते विकत घेतलं. गायकाने ही बातमी मला वाचून दाखवली होती, आणि वाचून झाल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याची चाळ पुनर्विकासात आहे.

या संगीताचा जन्म तळघरांत आणि गॅरेजांत झाला. मुंबईत तळघर कुणाकडे आहे? इथे तासावर भाड्याने मिळणारी जॅमची खोली असते, दारावर पुढच्या बँडची मुलं उभी असतात आणि ड्रमरचा एक डोळा घड्याळावर असतो, कारण त्याला दादरला गाडी बदलून डोंबिवली गाठायची आहे. हा पोरगा सिंबलची पिशवी आणि स्नेअर हा छोटा ड्रम घेऊन मालडब्यातून यायचा. तासाचे पैसे चौघांत वाटून घ्यायचे, म्हणून ते गाणं खोलीत बसून रचतच नसत. घरी फोनवर तुकडे रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवायचे आणि खोलीत आल्यावर फक्त जोडायचे. त्यामुळे त्यांच्या गाण्यांत जोड दिसतात. एक भाग संपतो, क्षणभर श्वास, मग दुसरा येतो. मला ते आवडलं. ते झाकायचं नाही असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं.

ड्रम तीन दिवसांत झाले. माझी खोली दहा बाय बारा, छत खाली. वरचे दोन माइक सिंबलच्या जवळ आणले की छतावरून परत येणारा आवाज त्यात मिसळतो, म्हणून छताला गाद्या बांधल्या. त्याहून जास्त त्रास गिटारने दिला. मिडवेस्टच्या त्या नाजूक सुरावटीसाठी तारा नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई अशा न लावता एफ-ए-सी-जी-सी-ई अशा लावतात. दोन तारा वर चढतात, एक खाली उतरते, बाकी तशाच राहतात, आणि मोकळ्या तारा छेडल्या तरी अर्धवट राहिलेल्या वाक्यासारखा सूर निघतो. हे लावणं जुलैच्या मुंबईत टिकत नाही. एसी चालू ठेवला तर माइकमध्ये घरघर येते. बंद केला तर दहा मिनिटांत खोली दमट होते, लाकूड फुगतं आणि सूर हलतो. शेवटी दर टेकला, म्हणजे प्रत्येक वेळी रेकॉर्ड करण्याआधी, सूर लावायचा आणि मधल्या वेळात एसी चालवायचा असं चक्र धरलं. एका दोन मिनिटांच्या तुकड्याला अख्खी दुपार गेली.

पण खरं काम गळ्याचं होतं.

हा बँड आधी इंग्रजीत गायचा. मराठीत येण्याचं कारण गायकाने साधं सांगितलं: "इंग्रजीत मी दुसऱ्याच कुणाचं दुःख म्हणतोय असं वाटायचं." निर्णय चांगला होता, पण चाली इंग्रजीच्याच राहिल्या. इंग्रजीत एका शब्दातल्या एकाच तुकड्यावर जोर पडतो, बाकीचे तुकडे गिळले तरी चालतात, आणि इमोची किंकाळी त्या जोरावरच उभी असते. मराठीत तसं गिळता येत नाही. मराठी अक्षर अक्षर मोजून घेते. त्यात वाक्याच्या शेवटी क्रियापद, त्यामुळे ओळीचा सगळा भार '-तोय', '-लं', '-तेस' अशा शेपटांवर. मुलं तिथेच किंचाळायची आणि ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शेपूट लागायचं. दुसरी अडचण माइकची. भ, फ, ध, ख अशा हवा सोडणाऱ्या अक्षरांवर जोरात तोंड उघडलं की माइकवर धप्पकन वारा बसतो. कंडेन्सर माइक बाजूला ठेवून मी साधा डायनॅमिक माइक घेतला, पुढे पॉप फिल्टर लावला आणि गायकाला किंचित तिरकं उभं केलं.

काही गाण्यांत वाट आपोआप सापडली. बेसवाल्याचे आजोबा भजनी मंडळात आहेत. सहाव्या गाण्याचे शब्द त्याने लिहिले आणि ते गिटारच्या सहा मात्रांच्या तुकड्यावर चपखल बसले. कागद बघितला तेव्हा दिसलं, प्रत्येक कडव्यात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरं, दुसरा आणि तिसरा चरण यमकाने जुळलेला. मोठ्या अभंगाचा साचा. त्याने ठरवून केलं नव्हतं, कानात होतं ते उतरलं. ते गाणं दुसऱ्याच टेकला झालं आणि एकही शब्द हरवला नाही.

'पायऱ्या'चे मात्र २३ टेक झाले.

गाणं असं आहे: चाळीतली खोली, पोटमाळ्यावर चढायची लाकडी शिडी, वर कानांवर हेडफोन लावून बसलेला मुलगा, खाली आई. घरात वडील आणि मुलगा काही महिने बोलत नाहीत. पहिल्या कडव्यात ओळ होती, "खालून तू ओरडतेस, मी पायऱ्या मोजतो." बाकी सगळं ठीक जायचं. ही ओळ आली की तो माइकपासून तोंड फिरवायचा आणि शब्द चघळल्यासारखा म्हणायचा. मी तीन आठवडे त्याला तंत्र शिकवत बसले: श्वास कुठे घे, जबडा सैल सोड, पोटातून काढ. आणि त्याला ते जमत नाही म्हणून मिक्समध्ये गिटार वर आणून आवाज खाली दाबला. ते पहिलं मिक्स तेच. ही चूक पूर्णपणे माझी होती. गळ्याचा दोष समजून मी जे दुरुस्त करत होते, तो गळ्याचा दोषच नव्हता.

बाकीचे तिघं चहाला गेले होते तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. तो काच पुसायचं फडकं हातात घेऊन त्याच्या घड्या घालत बसला. मग म्हणाला, "ताई, इंग्रजीत गायचो तेव्हा आई म्हणायची, छान म्हणतोस रे. आता तिला कळणार."

इमो हे कबुलीचं संगीत आहे. अमेरिकेतल्या त्या मुलांनी जे लिहिलं ते त्यांच्याच भाषेत लिहिलं, त्यांच्या आयांना ते कळत होतं, तरी लिहिलं. आपल्याकडे इंग्रजीत गाणाऱ्या मुलांना भाषेचा एक पडदा मिळतो. घरात बसून घराविरुद्ध ओरडता येतं आणि घराला पत्ता लागत नाही. मराठीत आल्यावर हा पडदा गेला, आणि गायकाने त्याच्या जागी गिटारचा पडदा मागून घेतला. 'असंच ठेव, हात लावू नकोस'चा अर्थ मला तेव्हा कळला. मराठीत इमो करायचं तर शब्द ऐकू आलेच पाहिजेत, हे माझं ठाम मत त्या दुपारचं आहे. ऐकू येऊ द्यायचे नसतील तर मराठीत गाण्याची गरजच काय?

मी त्याला म्हटलं, कागद घरी घेऊन जा आणि आईला वाचायला दे. गायचं नाही, वाजवायचं नाही, नुसतं वाचायला दे. नाही म्हणाली तर गाणं काढून टाकू, आठ गाण्यांचा अल्बम करू.

चार दिवस तो आला नाही. आला तेव्हा कागदावर डाळीचा डाग होता आणि 'ओरडतेस' या शब्दावर बॉलपेनने एक रेघ. आई म्हणाली होती, "मी कधी ओरडते तुझ्यावर? मी हाक मारते. तू कानात ते घालून बसतोस, मग दोनदा मारावी लागते." बाकी कवितेबद्दल ती काही बोलली नाही. वडिलांचा भाग तिने दोनदा वाचला आणि तसाच ठेवला.

ओळ झाली, "खालून तू हाक मारतेस, मी पायऱ्या मोजतो." त्याने ती उभ्या उभ्याच गाऊन बघितली आणि मी खुर्चीवरून उठले. बोलताना 'ओरडतेस'चे तीन तुकडे पडतात आणि 'हाक मारतेस'चेही तीनच, त्यामुळे चालीला धक्का नाही. पण 'ओरडतेस'मध्ये जोर 'रड'वर जाऊन अडकतो, तिथे तोंड बंद होतं. 'हाक मारतेस'मध्ये दोन मोठे आकार एकापाठोपाठ आहेत. 'हा'ला आधी श्वास सुटतो आणि मग गळा पूर्ण उघडतो. किंकाळीला हवी असते तशी जागा त्या शब्दाने दिली. अर्थही फिरला. आधी गाण्यात एक त्रासलेला मुलगा आणि एक कटकट करणारी आई होती. आता एक बाई दोनदा हाक मारते आहे आणि वरचा मुलगा ऐकू येऊनही उतरत नाही. तक्रार होती तिथे कबुली आली.

शेवटचं कडवं मग त्याने पुन्हा लिहिलं, आणि ते जवळजवळ सगळं तिच्याच बोलण्यातलं आहे. त्यातली एक ओळ: "भात निवतोय, खाली ये." या संगीतात शेवटी चौघांनी मिळून एकदम ओरडायची पद्धत आहे, तिला गँग व्होकल म्हणतात. मुलांना ही ओळ तशी घ्यायची होती. एकदा घेऊन बघितली, मोर्चासारखी वाटली. मग ड्रमरने सुचवलं की सगळं थांबवू, आणि ही ओळ आई म्हणते तशीच म्हणू. गिटारी बंद, सिंबलचा नाद विरेपर्यंत थांबणं, चौघं एका माइकभोवती, बोलण्याच्या आवाजात. त्या टेकमध्ये बेसवाल्याच्या नाकाचा आवाज आला आहे. तो रडत होता. मी तो काढला नाही.

त्यानंतर मिक्स नव्याने केलं, सगळ्या नऊ गाण्यांचं. आवाज तीन-चार डेसिबल वर, आणि जिथे शब्द येतो तिथे गिटारीतला मधला पट्टा थोडा खाली. मास्टरिंगला, म्हणजे मिक्सवर शेवटचा हात फिरवताना, मुलांचा हट्ट होता की सगळं जोरात हवं. त्यांना दाखवलं की स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी ऐकवताना साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती जोरात जाणवतो त्याचं माप) या पातळीला आणून ठेवतात. तुम्ही कितीही दाबून जोरात केलंत तरी तिथे ते खाली ओढलं जातं, आणि दाबताना गमावलेला चढउतार परत येत नाही. ज्या गाण्याचा जीव कुजबुज आणि किंकाळी यांच्यातल्या अंतरात आहे, त्याचं ते अंतर मारून काय मिळणार? हे पटलं.

कागदपत्रांवर मी अडून बसले. बँड मोडतात, आणि हा तर मोडणारच होता. ड्रमरची परदेशात नोकरी ठरली होती, ऑक्टोबरअखेर निघायचं होतं. आपल्याकडे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून इतर कुणाला लिहून देता येत नाही. चौघांनी 'सगळं सारखं वाटू' म्हणून हात झटकले. मी विचारलं, 'पायऱ्या'चं शेवटचं कडवं कुणाचं? गायकच म्हणाला, आईचं. मग त्या गाण्याच्या गीतकारांत दोन नावं आली. करारावर सही करायला ती माझ्याकडे आली, पहिल्यांदाच. गाण्याबद्दल आम्ही काही बोललो नाही. तिने सगळी पानं वाचली आणि विचारलं, "सही पासबुकावर आहे तशीच करायची ना?"

तारखेचा घोळ फार झाला. जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, २०१५ पासून ती प्रथाच आहे. मुलांनी आधी १३ सप्टेंबर धरली होती. त्या वेळी गणपती चालू, गायक लालबागचा, गिटारवाला कोकणात, ऐकणारेही निम्मे गावी. ती पुढे ढकलून २७ सप्टेंबर केली, तर आई म्हणाली पितृपक्षात नवीन काही नको. मग ४ ऑक्टोबर. मला ती हरकत अडचणीची वाटली नाही. ज्या घराबद्दल अल्बम आहे त्या घराचं पंचांग अल्बमने पाळावं, यात गैर काय?

३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बम आला आणि त्यावर भाषा लिहिलेली होती हिंदी. गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममध्ये आम्ही मराठीच निवडली होती, त्याची प्रत माझ्याकडे आहे. आणि 'पायऱ्या'चं झालं होतं 'पायर्या'. मराठीचा तो अर्धा, आडवा 'ऱ्' त्यांच्या यंत्रणेत कुठेतरी रफार झाला. आई दोन हाका मारते ते गाणं, ज्याचा एकेक शब्द ऐकू यावा म्हणून आम्ही जीव काढला, ते परक्या भाषेच्या नावाखाली आणि चुकीच्या स्पेलिंगने उभं होतं. मराठी इमो शोधणाऱ्याला ते सापडणार नव्हतं. पहिल्या आठवड्याचं महत्त्व या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, तो आमचा असाच गेला. तक्रारीला ठरावीक साच्याची उत्तरं येत राहिली. आता कुणी विचारलं तर मी सांगते: किमान महिनाभर आधी सगळं द्या, आणि बाहेर येण्याआधी दिसणारं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. आम्ही मिक्सला चौदा महिने दिले आणि त्या पानाला एक संध्याकाळ.

कार्यक्रम मधल्याच आठवड्यात, उपनगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, म्हणून सातलाच सुरू. याच शहरात १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, उघड्या आकाशाखाली. शेजारी कॉलेज आणि रुग्णालय म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमात ते रंगभवन बंद झालं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण त्या जागेच्या बदली आम्हाला दुसरी जागा कुणी दिली नाही. शंभरेक लोक आले होते. आम्ही दारात शब्दांचे छापील कागद वाटले. "भात निवतोय" आलं तेव्हा हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू आला.

१५ ऑक्टोबरला दुपारी गायकाचा फोन आला. "ताई, 'ऱ्या' आली. भाषा पण मराठी झाली." मी विचारलं, आईचं नाव? तेही आलं होतं, फक्त मधलं नाव गाळून. "ती म्हणते पासबुकावर आहे तसं पूर्ण हवं," तो म्हणाला, "नाहीतर ते माझंच आहे हे बँकेला कसं कळणार?" मी लॅपटॉप उघडला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला.